सुधाचा गुरुवार

सुधा, भांडण असं अर्ध्यावर टाकून जायची ही काय पद्धत झाली?

आपण क्वार्टरच्या कुंपणावरून भांडलो, रेशनच्या रांगेत भांडलो, मराठी मंडळाच्या नाटकात कुणाला कुठलं काम द्यायचं यावरून तर आठ-आठ दिवस तोंडं फिरवून बसलो. पण निकाल लागल्याशिवाय तू कधी जागची हलली नाहीस. आणि हे शेवटचं भांडण, ज्याच्यावर एवढी तरणी पोरं टांगलेली, ते मात्र तू "उद्या सकाळी ये, बघतेच तुला" म्हणून ठेवून दिलंस. मी सकाळी आले. फाटकातच कळलं की काहीतरी बिनसलंय, कारण दार तुझ्या भाचीनं उघडलं, केतकीनं, आणि तुझा रेडिओ बंद होता.

तेरावा झाला. केतकीनं सगळं नीट केलं, काळजी करू नकोस. लोक खूप बोलले. कारखान्यातल्या प्लॅनिंगमध्ये बायका नव्हत्या तेव्हा तू कशी होतीस, साहेबांना कशी उलट उत्तरं द्यायचीस, हे सगळं झालं. ते त्यांनी सांगितलं, मी सांगत नाही. मंडळाच्या अंकाला मी काहीतरी लिहून द्यावं असं ठरलंय. माझी शाळा फार झालेली नाही, तुला माहीत आहे. मी बोलते तशी लिहिणार. आणि मला बोलायचंय ते आपल्या डिव्हिजनबद्दल. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुला माहीत असलेलंही सांगावं लागेल. तू "मालू, पाल्हाळ" म्हणशील. म्हण.

केतकीची कंपनी खेळांची. मैदानावरचे नाहीत, मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर खेळतात ते. आधी ती बाहेरच्या लोकांकडून खेळ करून घ्यायची आणि आपलं नाव लावून विकायची. मग तिच्या मनानं घेतलं की माणसं घरचीच ठेवायची आणि खेळ घरीच करायचे, आणि तेही भोपाळात. मुंबईतले तिचे भागीदार हसले. तिनं अशोका गार्डन भागात, सॅनिटरीच्या दुकानावरचा मजला भाड्यानं घेतला, माणसं आणली आणि महिन्याभरात डोक्याला हात लावून तुझ्या ओसरीवर येऊन बसली. मीही होते. आमचे हे जाऊन तेव्हा थोडेच दिवस झालेले, मी तुझ्याकडे बसलेली असायचे. नुसती बसलेली.

"मावशी, चित्रं काढणारे आहेत, प्रोग्राम लिहिणारे आहेत, आवाजवाले आहेत. सगळे हुशार. पण रोज संध्याकाळी मला कळत नाही की आज झालं काय."

"म्हणजे तुला प्लॅनिंग पाहिजे."

"मला तू पाहिजेस."

तू चष्मा काढून पदराला पुसलास. खूश झालीस की तू चष्मा पुसायचीस. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "मालू, तूही चल. तिथे जिना आहे. मला एकटीला धाप लागते."

मी आले. आणि जिना तू माझ्या आधी चढून वर जाऊन उभी राहिलीस! मी मधल्या पायरीवर टेकले होते आणि तू वरून विचारत होतीस, "येतेस ना?" तुला कसली धाप, सुधा. तुला मला घराबाहेर काढायचं होतं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं, आणि तुला कळलं होतं की मला कळलंय. आपण दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. आता बोलते. बरं केलंस. फार बरं केलंस.

कारखान्यातल्या माणसाला एका खोलीत चार टेबलं दिसली की तो तिला डिव्हिजनच म्हणतो. तुझ्यामुळे तिथेही तेच नाव पडलं. आणि तू तिथे कारखानाच मांडलास. चित्रवाल्यांचं एक शॉप, म्हणजे खातं, प्रोग्रामवाल्यांचं एक, आवाजवाल्यांचं मागे, रेल्वेलाइनच्या बाजूला. बिचारे माइक लावून बसायचे आणि गाडी आली की डोकं धरायचे. शेवटी तपासणीचं एक टेबल. एका शॉपचं काम तपासून पास झालं की पुढच्या शॉपला जायचं, त्याआधी नाही. कुणी दुसऱ्याच्या शॉपमध्ये डोकवायचं नाही. "ज्याचं काम त्यानं करावं," तू म्हणायचीस. चित्रवाल्यांचा मुखिया फैजान, पक्का भोपाळी. तो कानात बोलल्यासारखा मला म्हणायचा, "काकू, मौसी तो हमको गेट-पास बनवा के छोड़ेंगी."

पहिला खेळ आपल्या कॉलनीचाच होता. एक बाई सायकलवरून टिफिन घेऊन निघते, आणि शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत तिला सगळे डबे गेटवर पोचवायचे असतात. वाटेत कुत्री, म्हशी, क्वार्टरची पोरं, उघडी नाली. फैजाननं ती बाई अशी काढली होती की मला वाटलं आपल्यातलीच कुणीतरी. सायकल काय, गल्ल्या काय, एकेक चीज सुरेख. सगळं तपासलं. सगळं पास.

आणि जोडलं तेव्हा सायकल गल्लीत शिरेना.

हँडलला दोन्ही बाजूंना डबे लटकलेले, ते सायकल काढणाऱ्यानं ऐसपैस काढले. गल्ली काढणाऱ्यानं आपल्या जुन्या टाइपाची गल्ली काढली, अंग चोरून जायची. दोघांची कामं आपापल्या जागी चोख. एकाच शॉपमधली दोन पोरं, पण एकमेकांचं काम बघायचंच नाही म्हटल्यावर कोण बघणार? ती बाई गल्लीच्या तोंडाशी पायडल मारतेय, मारतेय, आणि भोंगा होतोय. तू खुर्चीत बसून बघत होतीस. मला हसू आवरेना, आणि तुझ्याकडे बघितलं तर तू हसत नव्हतीस.

ते निस्तरायला इतके दिवस गेले की मुंबईचे भागीदार म्हणाले, पुरे झाली हौस, बंद करा हे आणि पहिल्यासारखं बाहेरून करून घ्या. केतकी रडकुंडीला आली. ती पोरं कुठली कुठली, सीहोरची, विदिशाची, प्रोग्रामवाली रश्मी छिंदवाड्याची. घराजवळ काम मिळालं म्हणून आलेली. ती परत हैदराबाद नाही तर पुण्याला जाणार, आणि काही तर कुठेच जाणार नाहीत, घरी बसणार.

त्या वेळी मी तुला म्हटलं, "सुधा, तुझ्या कारखान्यात मोटर बनायची. मोटरीचा नकाशा आधी तयार असायचा. इथे खेळ कसा होणार ते कुणालाच माहीत नाही, करता करता कळतंय. मग एकमेकांचं तोंड बघितल्याशिवाय कसं होईल?"

तू मला झाडलंस. "तू कधी शॉप फ्लोअरवर पाय ठेवलायस?"

"नाही ठेवला. दिवाळीचा फराळ केलाय. चकलीची भाजणी करणारी एकीकडे आणि तळणारी दुसरीकडे बसवलीस तर तेलात गेल्यावर कळतं की पीठ सैल आहे."

"मग चकली करणाऱ्या बायकांनी चालवावं का डिव्हिजन?"

"चालवू दे की!"

दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मग शनिवारी सकाळी फोन. "मालू, टेबलं हलवायला ये. पदर खोचून ये."

ते मी विसरणार नाही, सुधा. तू आयुष्यभर ज्या पद्धतीनं काम केलंस, ज्याच्यासाठी तुला लोक ओळखायचे, ती तू स्वतःच्या हातानं मोडलीस. पोरांना सुट्टी होती. आपण दोघी आणि केतकी. फैजानचं टेबल ओढत नेऊन रश्मीच्या टेबलाला लावलंस. आवाजवाल्यांना रेल्वेपासून सोडवून मधल्या खोलीत आणलंस. तपासणीचं टेबल उचलून जिन्याखाली ठेवलंस, आणि त्याच्याकडे बघून म्हणालीस, "याच्यावर आता चहाचं सामान ठेवा." मी म्हटलं, तुला वाईट वाटतंय का? तर म्हणालीस, "वाटतंय. ओढ तिकडून."

सोमवारी नवा नियम. रोज संध्याकाळी घरी जायच्या आधी सगळ्यांनी हात थांबवायचे आणि खेळ जसा असेल तसा, मोडका, तुटका, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांसमोर खेळायचा. कोण खेळणार? तू म्हणालीस, असं माणूस पाहिजे ज्याचा यातला एकही तुकडा नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला मोबाईलवर फोन घेता येतो, तेवढंच. तू म्हणालीस, म्हणूनच.

आई गं, काय फजिती! माझी ती सायकल नालीत पडायची, म्हशीवर चढायची. फैजान ओरडायचा, "काकू, क्या कर रिये हो, दीवार में घुस रिये हो!" आणि लगेच रश्मी त्याला म्हणायची, "अरे, पण भिंतीत घुसता येतंय म्हणजे ते आपलं चुकलं ना, काकूंचं नाही." मी काही सांगायचे नाही, मला काही कळायचंही नाही. मी नुसती खेळायचे. ती माझ्या मागे उभी राहून आपसात बोलायची आणि बोलता बोलता कामं लागायची. खेळ झाला. विकला गेला. मुंबईवाले गप्प बसले.

मग कुणीतरी बाहेरचं आलं आणि केतकीला विचारलं, या कोण? केतकी अडखळली. काकू म्हणावं, की काय म्हणावं. तू तिकडून म्हणालीस, "या आमच्या डिव्हिजनच्या खेळाडू."

मी लग्नानंतर कॉलनीत आले तेव्हापासून फिटरसाहेबांची मिसेस होते. वाईट काही नव्हतं त्यात. यांनी मला मानानं ठेवलं. पण कुणी या कोण म्हणून विचारलं आणि उत्तरात माझ्या कामाचं नाव आलं, असं म्हातारपणी पहिल्यांदा झालं, आणि ते तू केलंस. मी त्या वेळी काय म्हणाले? म्हणाले, "चल, चहा ठेव, घसा सुकला." एवढंच म्हणाले. तूही ठेवलास.

पण तू पूर्ण हरणाऱ्यातली नव्हतीस. शॉपं मोडलीस आणि गुरुवार ठेवलास. गुरुवारी कुणी खेळाला हात लावायचा नाही. चित्रवाले चित्रवाल्यांत, प्रोग्रामवाले प्रोग्रामवाल्यांत. आपापलं काम काढून एकमेकांना दाखवायचं, नवीन पोरांनी जुन्यांना विचारायचं. मी खूप चेष्टा केली. त्याला मी तुझा उपास म्हणायचे. "आज काय सुधाबाई, उपासाला काम चालत नाही का?" तू म्हणायचीस, कारखान्यात एक चांगला नक्षेवाला, यंत्रांचे नकाशे काढणारा, दूरच्या साइटवर एकटा पाठवला होता, त्याचा हात चार पावसाळ्यांत गेला. शिकवायला कुणी नाही, टोकायला कुणी नाही. "हात आटतो मालू, विहिरीसारखा."

आणि मग दुसरा खेळ आला. तलावातल्या नावेचा. तो रश्मीचा. इथून आपलं शेवटचं भांडण सुरू झालं.

एका मजल्यावर दोन खेळ. सायकलीच्या खेळाचा पुढचा भाग चाललेला, त्याची कायम घाई. रश्मी मला डबा खाताना म्हणाली, "काकू, नावेचा खेळ माझा आहे म्हणतात सगळे. पण दर वेळी माझी माणसं सायकलीला धक्का मारायला जातात." तिला हैदराबादहून बोलावणं आलं होतं. आईवडिलांना सोडून जायचं नव्हतं, पण किती दिवस असं काढणार. केतकीच्या मनात आलं की डिव्हिजनचे दोन भाग करावेत. पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या बघितल्या होत्या, नावेची माणसं तिकडे. ज्याचा खेळ त्याचं घर.

मला पटलं. तुला नाही पटलं. तू म्हणालीस, ही वाटणी आहे. आज खोल्या वेगळ्या, उद्या माणसं वेगळी, परवा गुरुवार गेला.

मी म्हटलं, "सुधा, तू एकुलती एक. मी वर्ध्याकडच्या, सासरच्या मोठ्या घरातून आले. दूध उतू गेलं की कुणाच्या हातून गेलं ते ठरवायलाच दिवस जायचा. इकडे आलो तेव्हा एक स्टोव्ह आणि एक ट्रंक होती. पहिल्या सकाळी मी मला पाहिजे तसा चहा केला, आलं घालून, आणि स्टोव्हपाशीच बसून प्यायले. वेगळ्या चुलीनं माणूस बिघडत नाही, उभं राहतं. त्या पोरीला उभं राहू दे."

ती शेवटची संध्याकाळ. तुझी ओसरी. तू मेथी निवडत होतीस, मी फुकटचं बोलत होते. तू माझं सगळं ऐकून घेतलंस आणि काडी टाकत म्हणालीस, "एवढी तुझी वेगळी चूल गोड होती बाप्पा, तर रोज चहाला माझ्याकडे का मरायला यायचीस?"

माझं वर्ध्याचं "बाप्पा" काढून माझी नक्कल करतेस म्हणून मी हसले. पण उत्तर मला सुचलं नाही. तुला कळलं की नाही सुचलं, आणि जिंकल्यासारखी म्हणालीस, "उद्या सकाळी ये, बघतेच तुला."

परवा सोमवारी मीटिंग झाली. जायची इच्छा नव्हती, केतकी घ्यायला आली. सगळे मान खाली घालून बसलेले. केतकी म्हणाली, "मावशीची इच्छा होती की डिव्हिजन एकत्र राहावं. तर तसंच राहू दे." सगळ्यांनी माना हलवल्या. फैजान नाक ओढत होता. रश्मी नखं बघत होती. तीही म्हणाली, "हो, मौसी म्हणायच्या तसंच."

मला रागच आला, सुधा. मला तुझा आवाज ऐकू आल्यासारखं वगैरे काही झालं नाही, मला सरळ राग आला. मी म्हटलं, "गेली म्हणून ऐकता का तिचं? होती तेव्हा एकदा तरी गपचूप ऐकलंत? आणि तुम्ही गपचूप ऐकलेलं तिला चाललं असतं? रश्मी, मला डब्यावर सांगितलंस ते इथे सांग."

"काकू, आज नको..."

"आजच. ती असती तर तिनं तुझ्याकडून काढून घेतलं असतं."

रश्मी आधी रडली, मग बोलली. हैदराबादचंही बोलली. मग फैजान उसळला. त्याच्या हाताखाली एक नवी मुलगी चित्रं शिकतेय, ती नावेच्या खेळात. तो म्हणाला, "उधर अकेली बैठेगी तो कौन सिखाएगा उसको? मौसी सही बोलती थीं, हाथ सूख जाता है." चांगलं दुपारपर्यंत भांडले सगळे. खालच्या दुकानवाल्यानं माणूस पाठवला, सब ठीक है ना म्हणून. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून.

आणि भांडता भांडता फैजान माझ्यावर उलटला. "काकू, आप ही बताओ, अलग हो के कोई मिलने आता है क्या?"

तेव्हा तुझं उत्तर सुचलं, सुधा. तुला द्यायचं ते मला त्या पोराला द्यावं लागलं. मी म्हटलं, मी रोज सुधाकडे चहाला जायचे, कारण माझी चूल वेगळी होती. सासरच्या एकत्र घरात असते तर घरचा चहा सोडून शेजारणीकडे जायला मला कुणी दिलं असतं? कुणाच्या दारात जाऊन बसायला आधी स्वतःचं दार लागतं.

फैजाननं मानलं. तू मानलं नसतंस. तू आणखी काहीतरी काढलं असतंस, आणि मी ते आता कधी ऐकणार नाही.

तर ठरलं ते असं. रश्मीची माणसं पलीकडच्या गल्लीत जाणार. ती हैदराबादला नाही जात, काल तिनं आईला फोन करून सांगितलं. मी दोन्हीकडे खेळणार, एक दिवसाआड. आणि गुरुवार मोडायचा नाही, दोन्ही घरांनी एकत्र बसायचं, एकदा इथे, एकदा तिथे. हे फैजाननं लावून धरलं. मग केतकीनं विचारलं, गुरुवार कोण बघणार? रश्मीकडे एक घर, फैजानकडे एक घर, ते दोघं आपापल्या खेळात बुडणार. गुरुवार सांभाळायला कुणीतरी असं पाहिजे जे कुठल्याच घराचं नाही.

पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गुरुवारची इतकी चेष्टा केलेल्या बाईकडे. मी हो म्हटलं.

उद्या पहिला गुरुवार. ती नवी मुलगी नावेची चित्रं घेऊन येणार आहे, पाण्यातली सावली तिला जमत नाहीये म्हणाली. मला चित्रातलं काही कळत नाही, प्रोग्राममधलं तर त्याहून नाही. मी बसेन, चहा देईन, आणि कुणी मध्येच उठून आपल्या खेळाकडे पळायला लागलं तर त्याला हाताला धरून खाली बसवेन. आज सकाळपासून मी आठवतेय, तू गुरुवारी काय करायचीस. सुधा, तूही एवढंच करायचीस.